दुसऱ्यांदा कधी भेटायचं? शिक्षकांची तंत्रज्ञान-प्रशिक्षणं आखणाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
राज्यातल्या शिक्षकांची प्रशिक्षणं आखणारे, मंजूर करणारे आणि प्रत्यक्ष घेणारे सर्वजण

विषय : प्रशिक्षण संपल्यावर पाचव्या आठवड्यात वर्गात काय होतं, याबाबत.
संदर्भ : आजवर आलेली सर्व ‘तात्काळ’ पत्रे.

सप्रेम नमस्कार,

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी ते आठवीला गणित आणि विज्ञान शिकवते. तीन हजार रुपये मानधनावर शिक्षणसेवक म्हणून लागले, त्याला वीस वर्षं होऊन गेली. घरी कपाटात प्रमाणपत्रांची एक फाइल आहे. तळाशी संगणकाचं एमएस-सीआयटी. ते मुदतीत केलं नाही म्हणून ज्यांच्या वेतनवाढी अडकल्या, अशी माणसं आमच्या तालुक्यात आजही ती गोष्ट रंगवून सांगतात. त्याच्यावर पाच दिवसांची, दहा दिवसांची, ऑनलाइन, ऑफलाइन, पायाभूत, उद्बोधन, सक्षमीकरण, क्षमतावृद्धी. नावं बदलत गेली. फाइलीला दोनदा नवी क्लिप लावावी लागली.

यातल्या तंत्रज्ञानाच्या प्रशिक्षणांबद्दल मला बोलायचं आहे. तक्रारीचा सूर लागला तर समजून घ्या. पण मी हे पत्र एका मागणीसाठी लिहितेय आणि ती मागणी अगदी लहान आहे.

आधी एक प्रसंग. साल आणि ठिकाण सांगत नाही, सांगायची गरजही नाही, कारण वाचणाऱ्या प्रत्येक शिक्षकाला तो आपल्याच तालुक्यातला वाटेल. पाच दिवसांचं प्रशिक्षण, तिसरा दिवस, दुपारचं सत्र, विषय ‘अध्यापनात तंत्रज्ञानाचा वापर’. हॉलमध्ये साठ-बासष्ट जण. खिडक्या पश्चिमेला आणि त्यांना पडदे नाहीत. प्रोजेक्टर लावला, पण भिंतीवर उन्हाचाच चौकोन पडलेला. सुलभक, म्हणजे प्रशिक्षण देणारे, बिचारे विचारत होते, “मागं दिसतंय का?” मागून उत्तर आलं, “आवाज येतोय सर.” दीड तासात चौदा ॲप झाली. मी वहीत लिहून घेतली, म्हणून आकडा पक्का आहे. प्रत्येकाचं नाव, काय काम करतं, कुठून डाउनलोड करायचं. एकही कुणी उघडून पाहिलं नाही, कारण वायफाय पहिल्या दोन रांगांपलीकडे येत नव्हतं.

शेवटी “काही शंका?” असं विचारल्यावर आमचे एक निवृत्तीला आलेले गुरुजी उभे राहिले. म्हणाले, “हे जे तुम्ही दाखवलं, ते चिंचोक्यांनी होत नाही का?”

हॉल हसला. सुलभकही हसले आणि म्हणाले, “गुरुजी, काळाबरोबर चालायला हवं.” मग चहा आला.

माझ्या मते त्या पाच दिवसांत विचारला गेलेला तो एकमेव शैक्षणिक प्रश्न होता. त्याला उत्तर होतं. ते कुणी दिलं नाही, आणि मला ते सापडायला पुढं दीड वर्ष लागलं.

उत्तर सापडलं ते असं. आमच्या केंद्रातल्या, म्हणजे दहा-पंधरा शाळांच्या गटातल्या, शेजारच्या शाळेत एक तरुण शिक्षक आहेत. महिन्याच्या शिक्षण परिषदेला केंद्रप्रमुखांना यायला उशीर झाला, तेवढ्या पाऊण तासात त्यांनी आम्हा तिघांना फोनवर जिओजेब्रा हे भूमितीच्या आकृत्या काढून हलवता येणारं ॲप दाखवलं. ॲप एक, धडा एक. सातवी, त्रिकोणाच्या कोनांची बेरीज. त्रिकोण काढायचा, तिन्ही कोनांची मापं दाखवायची आणि बोटानं एक शिरोबिंदू ओढायचा. इतकंच. त्यांनी तो माझ्या हातानं करून घेतला, दोनदा चुकू दिला.

वर्गात मी आधी नेहमीचं केलं. कागदी त्रिकोणाचे तीन कोपरे फाडले, एकाला एक लावले, सरळ रेषा झाली. कागदानं हे फार छान होतं, ते सोडू नये. पण कागदाचा त्रिकोण एकच असतो. कुणीतरी हुशार पोर विचारतंच, “बाई, सगळ्याच त्रिकोणांचं असं होतं का?” मग शाळेचा टॅब मुलांकडे दिला. एका मिनिटात शंभर त्रिकोण झाले असतील. उभट, पसरट, काटकोनी, सुईसारखे. एक मुलगी टोक ओढतच राहिली आणि ओरडली, “कितीबी ओढा, एकशेऐंशीच!”

गुरुजींना द्यायचं उत्तर हे. पहिली पायरी चिंचोक्यांनी होते, उलट चिंचोक्यांनीच ती करावी. ‘सगळ्याच’ हा शब्द मुलाच्या डोळ्यांसमोर आणायचा असेल तिथं टॅबचा पडदा लागतो. प्रशिक्षणात हे एकदा, एका उदाहरणावर झालं असतं, तर बाकीची तेरा ॲप दाखवली नसती तरी चाललं असतं.

पण गोष्ट इथं संपत नाही. माझं म्हणणं पुढच्या भागात आहे.

दशांश चिन्हामुळं मुलं गोंधळतात म्हणून मी मापं पूर्ण अंशांत दिसतील अशी सेटिंग केली होती. दुसऱ्या दिवशी एका मुलानं टॅब आणून दाखवला. ५२, ६३, ६४. “बाई, एकशेएकोणऐंशी.” मी पुन्हा बेरीज केली. एकशेएकोणऐंशीच. सातवीचा वर्ग माझ्याकडं बघतोय, काल ज्यांनी ‘कितीबी ओढा’ म्हणून टाळ्या वाजवल्या तीच मुलं. मी म्हणाले, “मशीन कधीकधी चुकतं.” घरी येताना मला माझीच लाज वाटली. कारण मशीन चुकलं नव्हतं, आणि हे मला आतून कळत होतं. फक्त काय झालंय ते सांगता येत नव्हतं.

विचारायचं कुणाला? प्रशिक्षणाचा व्हॉट्सॲप गट होता. तो पाचव्या दिवशी ‘सर्वांचे आभार’ आणि हात जोडल्याच्या चित्रांवर संपला होता. हेल्पलाइन पोर्टलसाठी होती, वर्गासाठी नव्हती. शेवटी पुढच्या शिक्षण परिषदेपर्यंत थांबले. तीन आठवडे. मग त्या तरुण शिक्षकांनी आकडे दशांशात करून दाखवले : ५२.४, ६३.३ आणि ६४.३. बेरीज बरोब्बर १८०. प्रत्येक आकडा जवळच्या पूर्णांकात गोल केला की तिघांकडून थोडं थोडं गळतं आणि एक अंश हरवतो. मग आम्ही बसून ठरवलं की यावरच एक तास घ्यायचा. मुलांनी १७९ आणि १८१ देणारे त्रिकोण शोधायचे आणि एक अंश कुठं गेला ते सांगायचं. माझ्या वीस वर्षांतल्या चांगल्या तासांपैकी तो एक तास. तो प्रशिक्षणात शिकवला नव्हता आणि त्या पहिल्या पाऊण तासातही नव्हता. तो दुसऱ्या भेटीत जन्मला.

आमच्या प्रशिक्षणांत जी गोष्ट नाही ती ही. दुसरी भेट. पहिल्या भेटीत सगळं सोपं असतं. अडतं ते वर्गात, तिसऱ्या-चौथ्या दिवशी, आणि तोवर सुलभक पुढच्या तालुक्यात पोचलेले असतात. मग शिक्षक काय करतो? निमूटपणे ते साधन बंद करतो आणि पुन्हा फळ्याकडं वळतो. तुमच्या अहवालात तो ‘प्रशिक्षित’ असतो.

थोडं प्रामाणिकपणे आमच्या बाजूचंही सांगते, नाहीतर हे पत्र एकतर्फी होईल. ऑनलाइन प्रशिक्षणात व्हिडिओ चालू ठेवून मी भाकऱ्या थापल्या आहेत. चाचणीची उत्तरं गटावर फिरतात, ती मी घेतली आहेत आणि एकदा पुढं पाठवलीही आहेत. याचा मला अभिमान नाही. पण बारा वर्षांनंतरची वरिष्ठ श्रेणी आणि चोवीस वर्षांनंतरची निवड श्रेणी प्रशिक्षणाच्या प्रमाणपत्राला बांधलेली असते, तेव्हा माणूस प्रमाणपत्र मिळवतो. शिकतो की नाही, हे त्या व्यवहारात कुणी विचारत नाही. तुम्ही टक्के मोजता, आम्ही टक्के पुरवतो. पूर्वचाचणी आणि उत्तरचाचणीतला फरक म्हणजे शिक्षकाची प्रगती, असं धरायचं असेल तर आमच्या केंद्राची प्रगती डोळे दिपवणारी आहे.

शिक्षकांना तंत्रज्ञान नकोच असतं, हा समज मात्र डोक्यातून काढून टाका. २०१५च्या जूनमधल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’च्या शासन निर्णयानंतरची दोन-तीन वर्षं आठवा. गावोगावी लोकवर्गणीतून टीव्ही, प्रोजेक्टर, टॅब आले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची डिजिटल शाळा बघायला लांबलांबून शिक्षक स्वतःच्या खर्चानं गेले. आमच्या गावात जत्रेच्या वर्गणीतून उरलेले पैसे सरपंचांनी शाळेला दिले आणि बत्तीस इंची टीव्ही आला. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हा शब्द तेव्हाचा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकांना क्यूआर कोड जोडले. पुढं ती कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली, आणि २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ त्यांना मिळालं. दहा लाख डॉलरच्या त्या बक्षिसातली अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांमध्ये वाटली. हे सगळं वर्गाकडून वर गेलं. वरून खाली आलेलं नाही.

आणि २०२० मधलेच ते टाळेबंदीचे महिने. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ असं म्हणत रोज अभ्यासमाला येत होती, ती चांगलीच होती. पण आमच्या पाड्यावर रेंज नव्हती. आम्ही चौघी शिक्षिका रोज रात्री नऊ वाजता फोनवर बोलायचो. आज कुणी काय केलं, कुठं अडलं, कुणाच्या पालकांचा फोन फक्त रविवारी घरी असतो. आवाजात धडा रेकॉर्ड करणं, तो दोन मिनिटांच्या वर जाऊ न देणं, ऑनलाइन चाचणी बनवणं, हे सगळं मी त्या चार-पाच महिन्यांत शिकले, तेही कुणी न शिकवता. म्हणजे खरं तर शिकवलं, पण एकमेकींनी आणि रोज. आधीच्या पंधरा वर्षांच्या फाइलीपेक्षा ते जास्त होतं. कारण उघड आहे. गरज त्याच दिवशीची होती आणि रात्री विचारायला माणूस होतं.

आता काळ आणखी घाईचा आला आहे. २०२५च्या ऑक्टोबरात केंद्रीय शिक्षण मंत्रालयानं जाहीर केलं की २०२६-२७ पासून तिसरीपासूनच कृत्रिम बुद्धिमत्ता आणि संगणकीय विचार अभ्यासक्रमात येणार. ग्रामीण शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या अहवालाप्रमाणे ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी आठवड्याभरात त्यावर अभ्यासाचं काही केलेली मुलं ५७ टक्के, आणि समाजमाध्यमं वापरलेली ७६ टक्के. मुलं पुढं गेली आहेत आणि एकटीच गेली आहेत. तेव्हा लवकरच आम्हाला ‘एआय प्रशिक्षणा’चं पत्र येणार, हे सांगायला ज्योतिषी नको. माझी भीती एवढीच की तेही चौदा ॲपचंच होईल.

एक छोटं उदाहरण देते, म्हणजे एआयच्या प्रशिक्षणात नेमकं काय लागेल ते कळेल. गेल्या सत्रात मी एका चॅटबॉटला सहावीसाठी दहा प्रश्न मराठीत काढायला सांगितले. क्षणात आले. छान टाइप केलेले, क्रमांक घातलेले. वाचले तर ‘अभाज्य संख्या’, ‘भिन्न’, ‘त्रिभुज’, ‘लघुत्तम समापवर्त्य’. म्हणजे हिंदी. आमच्या पुस्तकात मूळ संख्या आहे, अपूर्णांक आहे, त्रिकोण आहे, लसावि आहे. नवख्या शिक्षकानं ती प्रश्नपत्रिका तशीच छापली असती, तर मुलं येत असलेलं गणितही सोडून आली असती. मग मी त्याला आधी वीस शब्दांची यादी दिली, ‘हेच शब्द वापर’ म्हणून सांगितलं, तेव्हा कुठं प्रश्न बरे झाले. तरी एकाचं उत्तर चुकीचं होतं. विषय येत असेल तरच ती चूक दिसते.

ही वीस शब्दांची यादी प्रत्येक शिक्षकानं वेगवेगळी करत बसायचं का? बालभारतीची पुस्तकं आहेत, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत. इयत्तावार, विषयवार शब्दांची एक फाइल करून ती शिक्षकांच्या हातात दिली आणि प्रशिक्षणात तिच्यावर तासभर काम करून घेतलं, तर दहा व्याख्यानांचं काम होईल. याला खर्च नाही.

आणि मुलांची माहिती. आम्ही रोज मुलांचे फोटो काढतो, चढवतो, गटावर टाकतो. पोषण आहाराचा फोटो, वृक्षारोपणाचा फोटो, कुठल्याशा दिनाचा फोटो, प्रत्येकावर ठिकाण आणि वेळ. आता शिक्षक चॅटबॉटला वर्गाची गुणयादी नावांसकट देऊ लागले आहेत, ‘निकालावर शेरे लिहून दे’ म्हणून. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती वापरताना, काही अपवाद सोडले तर, पालकांची संमती लागते, असं तो म्हणतो. माझ्या फाइलीतल्या एकाही प्रशिक्षणात यावर पाच मिनिटंही झाली नाहीत. नावाऐवजी हजेरी क्रमांक टाका, फोटो टाकू नका, एवढं तरी सांगा.

इथं एक कटू गोष्ट बोलावी लागेल. ‘तंत्रज्ञान’ म्हटलं की आमच्या पोटात गोळा येतो, त्याचं कारण एआय नाही. कारण आहे पोर्टलांवर भरायची माहिती. पगाराचं शालार्थ, विद्यार्थ्यांचं सरल, शाळांच्या आकडेवारीचं यू-डायस प्लस, मुलांच्या ओळख क्रमांकाचं अपार, आधार जुळवणी, आहाराची रोजची नोंद, हजेरीची नोंद. एकेकाकडं बघितलं तर कुठलंच वाईट नाही, पगार वेळेत होतो त्याला तीच कारणीभूत. पण द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक दिवसाचा दीड तास पडद्याशी घालवतो आणि त्या पडद्यावर मूल कुठंच नसतं. मग आम्हाला ‘तंत्रज्ञानाचं प्रशिक्षण’ म्हणून बोलावून पुढच्या पोर्टलची लॉगिन-पद्धत शिकवली जाते. कृपा करून या दोन गोष्टींना दोन वेगळी नावं द्या. माहिती भरायला शिकवणं हे कार्यालयीन काम आहे, ते खुशाल करा, पण शिक्षकाच्या व्यावसायिक विकासाच्या तासांत ते धरू नका.

तासांचा हिशेब आलाच आहे तर. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की प्रत्येक शिक्षकानं वर्षाला किमान ५० तास सातत्यपूर्ण व्यावसायिक विकासासाठी द्यावेत. मूळ शब्द ‘सातत्यपूर्ण’ आहे हो. ते पन्नास तास एका उन्हाळी आठवड्यात कोंबून उरकायचे आणि उरलेले व्हिडिओंनी भरायचे, असा त्याचा अर्थ होत नाही. माझा त्या तरुण शिक्षकांबरोबरचा पाऊण तास आणि तीन आठवड्यांनंतरचा एक तास, हे पावणेदोन तास कुठल्याच हिशेबात नाहीत. कारण हजेरीपत्रक नव्हतं, बॅनर नव्हता आणि पूर्वचाचणी नव्हती.

म्हणून माझी मागणी. तंत्रज्ञानाचं कोणतंही प्रशिक्षण झालं की चार-पाच आठवड्यांनी तीच माणसं, त्याच सुलभकांबरोबर, दोन तास पुन्हा भेटू द्या. त्यात नवीन काही शिकवायचं नाही. फक्त एक प्रश्न : वर्गात काय केलंत आणि कुठं अडलं? ज्यानं काहीच केलं नाही त्यानं तसं सांगावं, त्याच्यावर नोटीस काढू नका. का केलं नाही हे कळणंही कामाचं आहे. दुसऱ्या भेटीची तारीख पहिल्याच पत्रात छापा. ती तारीख दिसली, तर पहिल्या भेटीतही लोक वेगळ्या कानांनी ऐकतील.

याला जागा आणि पैसा कुठून आणायचा, असं म्हणू नका. केंद्राची शिक्षण परिषद दर महिन्याला होतेच. दहा-पंधरा शाळांचे शिक्षक एकत्र येतातच. फक्त आज त्यातला अर्धा वेळ टपाल वाचण्यात जातो. ही माहिती राहिली, ती लिंक भरली नाही, अमक्या शाळेचं आधार बाकी. ते गटावर टाका, आम्ही वाचतो. एकाआड एक परिषद पूर्णपणे वर्गातल्या अडचणींना द्या. केंद्रप्रमुखांच्या कितीतरी जागा रिकाम्या असतात, एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार असतो, हे मला माहीत आहे. ती परिषद शिक्षकांनाच चालवू द्या. केंद्रप्रमुखांना उशीर झाला म्हणून तर मला जिओजेब्रा आलं.

सुलभक वर्गात शिकवणारा असावा आणि त्यानं तोच धडा त्याच साधनानं स्वतःच्या वर्गात घेतलेला असावा. तुकडी पंचवीसच्या पुढं नको. केरळनं २०२४ मध्ये ८० हजार शिक्षकांना एआयचं तीन दिवसांचं प्रशिक्षण द्यायला घेतलं, तेव्हा तुकड्या पंचवीसच्या ठेवल्या होत्या. केरळचं नाव काढलं की आपल्याकडे लोक नाक मुरडतात, त्यांच्याकडे शाळा कमी आणि रस्ते बरे म्हणून. ते खरंही असेल. पण त्यांनी २००१ पासून शाळांतल्या तंत्रज्ञानासाठी एक स्वतंत्र यंत्रणा धरून ठेवली आहे, आधी आयटी ॲट स्कूल आणि २०१७ पासून काइट. पंचवीस वर्षं तेच काम, शिक्षकांतूनच घडवलेले प्रशिक्षक, मोफत सॉफ्टवेअर, मल्याळममध्ये. आपल्याकडे दर दोन-तीन वर्षांनी ॲप बदलतं, आणि जुनं कुणी विचारलं तर ‘ते आता बंद झालं’ एवढंच उत्तर मिळतं.

प्रशिक्षणाची आखणीही साधनावरून करू नका, धड्यावरून करा. ‘गूगलची साधनं’ हा विषय मला वर्गात कुठंच लागत नाही. ‘आठवीचा विद्युतधारेचा धडा, शाळेत साहित्य नाही, एक टॅब आहे’ ही माझी अडचण आहे. कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’मध्ये परिपथ जोडायचा खेळ आहे, त्यांची सिम्युलेशनं मराठीतही आहेत आणि डाउनलोड करून ठेवली तर इंटरनेटशिवाय चालतात. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सॉफ्टवेअर शिकवणारे दहा-दहा मिनिटांचे धडे मराठी आवाजात आहेत. हे मला योगायोगानं कळलं. २०२३-२४च्या यू-डायसमध्ये इंटरनेट असलेल्या शाळा देशात ५३.९ टक्केच होत्या. तेव्हा ‘नेट नसताना काय चालतं’ हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात पहिला असायला हवा. आमच्या शाळेचं वीजबिल थकलं की मीटर बंद होतं, तेव्हाचं मी बोलतच नाही.

आणखी एक, हे लहान वाटेल. आम्ही दोघंच शिक्षक असलेल्या शाळेत मी काही वर्षं काढली. एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसऱ्यासमोर चार वर्ग. पाच दिवस. हॉलमध्ये बसलेल्याचं अर्धं लक्ष तिकडं असतं. दोन तासांची, केंद्रातच होणारी दुसरी भेट यासाठीही बरी.

साहेबांच्या शाळाभेटीबद्दल लिहावं की नाही, असा विचार करत होते. लिहितेच. भेटीत विचारलं जातं, “कोणकोणती ॲप वापरता?” आम्ही पाठ करून ठेवतो. त्याऐवजी कधी असं विचारा, “मागच्या महिन्यात कुठलं साधन वापरून फसलात?” सुरुवातीला कुणी बोलणार नाही. सवय नाही. पण मला कुणी विचारलं असतं, तर मी १७९ची गोष्ट त्याच दिवशी सांगितली असती आणि वर्गासमोर ‘मशीन चुकतं’ असं खोटं बोलल्याचंही.

त्या गुरुजींबद्दल विचाराल तर ते गेल्या मे महिन्यात निवृत्त झाले. जाण्याआधीच्या शिक्षण परिषदेत मी त्यांना टॅबवर त्रिकोण ओढून दाखवला. बराच वेळ ओढत बसले. मग म्हणाले, “हे त्या दिवशी का नाही दाखवलं?”

पैशाची सोय कधी नव्हतीच असंही नाही. जागतिक बँकेच्या साहाय्यानं राबवलेल्या ‘स्टार्स’ प्रकल्पातल्या सहा राज्यांत महाराष्ट्र होता आणि शिक्षकांची क्षमता वाढवणं हा त्यातला एक मोठा भाग होता. दोन तासांच्या भेटीला तर चहाचाच खर्च, तोही आम्ही वर्गणी काढून करतो, सवय आहे.

तर, पुढच्या प्रशिक्षणाचं पत्र निघेल तेव्हा त्यात दुसऱ्या भेटीची तारीख असू द्या. हॉल कुठलाही चालेल. खिडक्यांना पडदे नसतील तर आधी कळवा, आम्ही घरून चादरी घेऊन येऊ.

आपली,
गणित-विज्ञानाची एक पदवीधर शिक्षिका
जिल्हा परिषद शाळा